मुंगळोबा आणि सहा प्रश्न : विनोदी बालविज्ञान मालिकेच्या प्रकल्प नोंदी

३ जून

आराखडा पक्का झाला. सहा भाग, प्रत्येकी अकरा मिनिटं, प्रेक्षक तिसरी ते सहावीचे. एका भागात एकच प्रश्न. दुसरा प्रश्न कितीही गोड असला तरी पुढच्या भागासाठी ठेवायचा.

पात्रं दोनच. खटपटे सर हा माणूस आणि मुंगळोबा ही बाहुली. मुंगळाच का, तर तो गुळाला चिकटतो तसा हा आपल्या उत्तराला चिकटतो. तुटेल, पण सोडणार नाही. प्रत्येक भागात मुंगळोबा छातीठोकपणे चुकीचं उत्तर देणार, त्याच उत्तराची परीक्षा होणार आणि ते आपटणार. हसू तिथंच यायला हवं. बाहेरून चिकटवलेले विनोद, म्हणजे केळीच्या सालीवरून घसरणं, शिंका, डोक्यावर पीठ, हे सगळं पहिल्या मसुद्यातून काढलं.

संदर्भासाठी तीन जुन्या अमेरिकन मालिकांचे भाग बघितले. डॉन हर्बर्ट १९५१ पासून ‘मिस्टर विझर्ड’ म्हणून टीव्हीवर एका मुलाला किंवा मुलीला घरातल्या वस्तूंनी प्रयोग दाखवत असे. गती संथ, पण मूल प्रश्न विचारतं तेव्हा कॅमेरा मुलावर थांबतो. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘बीकमन्स वर्ल्ड’चा सूत्रधार पॉल झालूम मुळात बाहुल्यांचा कलाकार. तिथं उंदराच्या वेशातला एक मोठा माणूस सोबतीला आहे, आणि दक्षिण ध्रुवावर बसून कार्यक्रम बघणाऱ्या दोन पेंग्विनांची नावं डॉन आणि हर्ब आहेत, म्हणजे हर्बर्टला केलेला नमस्कार. बिल नाय बोइंगमधला यांत्रिक अभियंता, सिअॅटलच्या एका विनोदी कार्यक्रमातून पुढे आलेला. त्याच्या मालिकेचे १९९३ ते १९९८ मध्ये १०० भाग झाले. तिन्हींची गती वेगळी, पण मुलाला कुणी हसत नाही, हे तिन्हींत सारखं. म्हणून आपल्याकडेही चूक करण्याचं कंत्राट बाहुलीकडे.

६ जून

मुंगळोबाची बाहुली आली. १२ मि.मी. जाडीच्या फोमवर काळं मखमली कापड, डोळ्यांना रंगवलेले पिंगपाँगचे अर्धे चेंडू, मिशांना सायकलच्या ब्रेकची तार. दिसायला झकास, पण परत पाठवावी लागली. शिवणाऱ्यानं चार पाय छातीला आणि दोन पोटाला लावले होते, तोल चांगला दिसतो म्हणून. मुंगळ्याचे सहाही पाय छातीलाच असतात, पोटाला एकही नाही. विज्ञानाच्या मालिकेत नायकाचीच शरीररचना चुकली तर पहिलं पत्र कुठल्या तरी चौथीतल्या मुलाचं येईल, आणि ते बरोबर असेल.

दुरुस्ती सांगितली: सहा पाय छातीला, कंबर बारीक, मिशा सरळ न ठेवता मध्ये कोपरासारख्या वाकवलेल्या. बारीक कंबरेची अडचण अशी की बाहुली हलवणाऱ्याचा हात तिथून जाणार नाही. तेव्हा पोट वेगळं शिवून कंबरेशी नुसतं टाचायचं, हात छातीच्या खालून घालायचा. डावा मधला पाय शिवणीवर येतो, तिथं दुहेरी दोरा.

१० जून

भाग १ ची तालीम: बशीत पाणी, पाण्यात मेणबत्ती, वर ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. का?

मुंगळोबाचं उत्तर: ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. हेच उत्तर कितीतरी मोठी माणसंही देतात, आणि हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश असतो व पाणीही साधारण तेवढंच चढतं, असा पुरावाही जोडतात. तो निव्वळ योगायोग आहे. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास आला की मेणबत्ती विझते, संपतबिंपत काही नाही. हिशेब केला तर १०० मि.ली. हवेतला साधारण ५ मि.ली. ऑक्सिजन खर्च होतो, त्याच्या बदल्यात ३ मि.ली.हून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि झालेली वाफ निवून काचेला चिकटते. निव्वळ तूट दोन मि.ली.सुद्धा नाही. पाणी चढतं ते मुख्यतः हवा निवल्यामुळे. ग्लास ठेवताना ज्योतीनं हवा तापलेली असते, थोडी कडेनं बुडबुडे काढत निसटते. ज्योत गेली की उरलेली हवा निवते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते.

हे पडद्यावर सिद्ध करायला दोन गोष्टी पुरतात. पहिली, पाणी कधी चढतं ते बघणं. ज्योत जळत असताना फारसं नाही, विझल्यावर झपकन. दुसरी, त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या. हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी बरंच जास्त चढतं. मुंगळोबाचं उत्तर बरोबर असतं तर दोन्ही वेळा सारखंच चढलं असतं. भागाचा विनोदी कळस हाच: तीन मेणबत्त्या लावल्यावर मुंगळोबा पट्टी घेऊन पाणी तीनदा मोजतो आणि शेवटी म्हणतो, “पट्टी बदला.”

तालमीत काय काय बिघडलं ते लिहून ठेवतो. ग्लासाचा काठ सपाट बशीला घट्ट बसला की पाणी आत शिरायलाच अडतं. काठाखाली एक रुपयाची तीन नाणी ठेवल्यावर सुटलं. मेणबत्ती पाण्यात तरंगून कलंडली. बूड वितळवून बशीला चिकटवायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. बशीतलं पाणी संपून काठ उघडा पडला की हवा आत घुसते आणि चढलेलं पाणी धाडकन खाली येतं. तेव्हा उथळ बशी नको, दोन सें.मी. पाणी मावेल अशी परात. पाण्याला खायचा लाल रंग, चिमूटभरच. जास्त टाकला तर कॅमेऱ्याला ते काळं दिसतं.

११ जून

प्रकाश. दोन एलईडी पॅनेल ५६०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या रंगावर; पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स, पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायची जुळणी) हातानं बांधलेला. आपोआप ठेवला की भाग २ मधला पिवळाधमक कागद चौकटभर आल्याबरोबर कॅमेरा निळसर झुकतो आणि खटपटे सर आजारी दिसतात.

सरांचा पांढरा डगला दिव्यांखाली नुसता पांढरा ठिपका होतो, चुण्याही दिसत नाहीत. नाटकवाल्यांचा जुना उपाय: कोऱ्या चहात बुडवून पिळून वाळवला. आता पडद्यावर पांढरा दिसतो.

संथगती चित्रणाबद्दल एक सूचना सगळ्यांसाठी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला १२० चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रण केलं की पडद्यावर उजेड धडधडतो. १०० चौकटी आणि शटर १/१०० सेकंदावर ठेवलं की प्रत्येक चौकटीत दिव्याचा एक पूर्ण फेरा येतो आणि लुकलुक जाते. साध्या दृश्यांना २५ चौकटी, १/५०.

१४ जून

भाग १ चित्रित. मेणबत्त्यांच्या दृश्याला अकरा टेक लागले, त्यातले सहा काचेवर साचलेल्या काजळीमुळे. दर टेकला नवा, कोरडा ग्लास हवा. पुढच्या वेळी एकाच मापाचे डझनभर ग्लास आधीच आणणे.

१८ जून

भाग २: वरणाचा पिवळा डाग साबण लावल्यावर लाल का होतो? मुंगळोबाचं उत्तर: साबणानं डागाला मारलं, रक्त आलं.

हळदीचा कागद करण्याची पद्धत पक्की केली. १०० मि.ली. स्पिरिटमध्ये सपाट दोन चमचे हळद, झाकण लावून दहा मिनिटं हलवायची, मग मलमलीतून गाळायची. पाण्यात भिजवली तर भागत नाही. हळदीतला रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पूड कागदावर बसते आणि लिहिताना खवल्यांसारखी निघते. जाडसर चित्रकलेचा कागद बुडवून सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवलेला नमुना दुपारपर्यंत फिकट पडला. स्पिरिट असेपर्यंत खोलीत काडी पेटवायची नाही, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं, हे पडद्यावर सर स्वतः बोलून दाखवणार.

‘अदृश्य शाई’साठी चार द्रावणं तपासली. खायच्या सोड्याचं पाणी हळदीवर कसंबसं नारिंगी होतं, कॅमेऱ्याला कळत नाही. धुण्याचा सोडा एक चमचा ५० मि.ली. पाण्यात घातला तर गडद विटकरी लाल, पहिल्या सेकंदालाच. चुन्याची निवळीही तितकीच चांगली, पण चुना डोळ्यात गेला तर इजा करतो, म्हणून मुलांच्या हाती दिलेला दाखवायचा नाही. साबणाचं पाणी चालतं, पण ब्रँडप्रमाणे फरक पडतो. काही द्रवरूप साबण मुळात अल्कधर्मी नसतात, त्यांनी काहीच होत नाही. सरांना तोंडघशी पाडणारा तोच साबण मुद्दाम ठेवला. “मग हा साबण नाहीच!” असं मुंगळोबा ओरडतो, आणि तिथून मुद्दा आपोआप निघतो: हळद लाल होते ती साबणामुळे नाही, त्यातल्या अल्कलीमुळे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थामुळे.

लाल अक्षरांवर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. घरीही डाग पाण्यात खळबळून साबण निघून गेला की पिवळाच उरतो, एवढं एक वाक्य शेवटी. मारलेला डाग परत पिवळा कसा होईल, असं सरांनी विचारायचं, आणि मुंगळोबानं पहिल्यांदाच गप्प बसायचं.

२१ जून

त्याच भागात लिंबूबाबाचं तीन मिनिटांचं प्रहसन. बाबा लिंबू कापतो, ‘रक्त’ निघतं, भूत गेलं म्हणून दक्षिणा मागतो. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते असे चमत्कार गावोगाव उलगडून दाखवत आले आहेत, त्यामुळे मोठ्या प्रेक्षकांना युक्ती कदाचित ठाऊक असेल. मुलांना नसते.

सुरीच्या दोन्ही बाजूंना लाल जास्वंदीच्या पाकळ्या चोळायच्या, पाच-सहा फुलं लागतात. सुकू द्यायचं, पुन्हा चोळायचं, असे तीन थर. सुकल्यावर पातं किंचित जांभळट दिसतं, लांबून लक्षात येत नाही. लिंबाचं आम्ल लागताच रंग लालभडक. सुरी स्टेनलेस स्टीलचीच हवी. लोखंडी विळीवर थर काळपट पडला आणि बाबाचं रक्त शाईसारखं निघालं. लिंबू रसरशीत, पातळ सालीचं. फ्रिजमधलं नको, रस कमी गळतो.

उलगडा कसा करायचा यावर चर्चा झाली. सरांनी येऊन युक्ती सांगितली तर एका बाबाच्या जागी दुसरा बाबा येतो. म्हणून मुंगळोबालाच परीक्षा घ्यायला लावली: तेच लिंबू, दुसरी सुरी. मग बाबाचीच सुरी, बटाटा. दोन्ही वेळा रक्त नाही. भूत लिंबातही नाही आणि सुरीतही नाही. हे चार वाक्यांत बसलं, आणि या सगळ्या भागातलं सर्वांत चांगलं लेखन तेच आहे.

२५ जून

भाग ३: फुगा किती मोठा होईल? बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खायचा सोडा. मुंगळोबाचं उत्तर: जितका सोडा जास्त तितका फुगा मोठा.

इथं आकडे नेमके हवेत. आपल्या बाटलीवर ४ टक्के लिहिलंय. म्हणजे १०० मि.ली.त ४ ग्रॅम अॅसिटिक आम्ल. त्याला पुरा पडणारा सोडा साडेपाच ग्रॅमच्या जरा वर, साधारण एक शीग लावलेला चमचा. त्यातून वायू निघतो सुमारे १.६ लिटर, म्हणजे गोल धरला तर साडेचौदा सें.मी. व्यासाचा फुगा. प्रत्यक्षात दीड-दोन सें.मी. कमीच भरतो, कारण रबराचा ताण आहे, तोंडातून गळती आहे आणि थोडा वायू पाण्यातच राहतो.

दुसऱ्या फुग्यात तीन चमचे सोडा घातला. फुगा तेवढाच. जादा सोडा बाटलीच्या तळाशी पांढरा बसून राहिला. कॅमेऱ्यानं तळाजवळ जायचं, तिथंच उत्तर आहे. मुंगळोबा त्यावर म्हणतो, “हे आमच्याकडचं लग्न झालं. पुऱ्या उरल्या, श्रीखंड संपलं.” राहू द्या, तुलना अचूक आहे.

चुका: सोड्याऐवजी बेकिंग पावडर आणली गेली. तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं, ती साध्या पाण्यातही फसफसते आणि वजनाच्या मानानं वायू कमी देते, त्यामुळे सगळा हिशेब कोलमडतो. फुगा आधी दोनदा तोंडानं फुगवून सैल करायचा. सोडा फुग्यात नरसाळ्यानं भरायचा, कारण तोंडाला सांडलेला सोडा बाटलीवर चढवतानाच आत पडतो आणि टेक वाया जातो. बाटलीचं तोंड आणि फुगा दोन्ही कोरडे. आणि हा प्रयोग झाकण लावून करायचा नाही, कधीच नाही. ती ओळ पडद्याखालच्या अक्षरपट्टीवर नको, संवादातच घेतली.

१ जुलै

भाग ४ रद्द. विषय होता स्थिर वीज: केसांना घासलेला फुगा भिंतीला चिकटतो, कागदाचे कपटे उचलतो. बाहेर आठवडाभर पाऊस, खोलीतली आर्द्रता ८० च्या वर. फुगा घासून हात दुखले, एक कपटा हलला नाही. दमट हवेत सगळ्या पृष्ठभागांवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि भार त्यावरून निसटून जातो. केस वाळवायच्या यंत्रानं फुगा, केस आणि कागद गरम केल्यावर मिनिटभर जमलं, मग पुन्हा थंड. मुलं हा भाग बघून घरी करून बघणार, आणि जुलैत त्यांच्याही घरी पाऊसच असणार. विषय जानेवारीसाठी बाजूला. खरं म्हणजे हे वेळापत्रक करतानाच सुचायला हवं होतं.

४ जुलै

नवा भाग ४: थंड पेयाचा डबा कोण चेपतं? मुंगळोबाचं उत्तर: पाणी आतून ओढतं.

अॅल्युमिनियमचा ३०० मि.ली.चा रिकामा डबा, आत १५ मि.ली. पाणी, म्हणजे एक मोठा चमचा. गॅसवर ठेवायचा. तोंडातून वाफ यायला लागली की घाई करायची नाही. जोरात, सलग फवारा सुरू झाल्यावर आणखी अर्धा मिनिट. तोवर आतली बहुतेक हवा वाफेनं हाकलून दिलेली असते. मग लांब चिमट्यानं धरून बर्फाच्या पाण्यात पालथा. फट् आवाज आणि डबा चपटा. वाफेचं पाणी झालं की जागा सुमारे सोळाशे पटींनी कमी लागते, आतला दाब एकदम उतरतो, आणि बाहेरच्या हवेचा, दर चौरस सें.मी.ला साधारण एक किलोचा, भार डब्याला चेपतो.

डबा सरळ बुडवला तर काही होत नाही, कारण तोंड उघडं राहतं आणि हवा आत शिरून दाब बरोबर करते. पालथा घातला की पाणी झाकणाचं काम करतं. पाणी जास्त घातलं तर उकळायला फार वेळ लागतो आणि चेपणं मवाळ होतं. डब्यातलं पाणी पूर्ण आटू द्यायचं नाही, पत्रा जळून रंगाचा वास सुटतो. चिमटा तळवा वर ठेवून उलटा धरायचा सराव आधी थंड डब्यावर, म्हणजे एकाच वळणात डबा पालथा होतो. तालमीत चिमटा सरळ धरला होता आणि मनगट अर्ध्यातच अडकलं. चेपण्याचं सगळं काम काही चौकटींत उरकतं, म्हणून हे दृश्य १०० चौकटींनी.

संहितेत सर म्हणत होते, “पाणी शंभर अंशांना उकळलं.” समोर तापमापी होती आणि ती ९८ दाखवत होती. तापमापी बिघडलेली नाही. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच, इथं हवेचा दाब कमी, पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. वाक्य बदलून मुंगळोबाला दिलं: “दोन अंश कुणी खाल्ले?” सरांचं उत्तर एका ओळीचं, आणि ते भागाच्या विषयातच बसतं. चूक फुकट गेली नाही.

९ जुलै

भाग ५: पपईच्या देठाची पिपाणी. लांब देठ आणि आखूड देठ, कुठल्याचा आवाज कसा? मुंगळोबाचं उत्तर: मोठा देठ, मोठा आवाज.

या भागात सगळी गंमत मराठीचीच आहे. आपण ‘मोठा आवाज’ म्हणतो तेव्हा जोर सांगतो, ‘बारीक आवाज’ म्हणतो तेव्हा कधी जोर तर कधी उंची, आणि ‘आवाज चढवला’ म्हणजे कोण रागावलं ते बघावं लागतं. पाठ्यपुस्तकातले ‘उच्चनीचता’ (आवाजाची उंची) आणि ‘तीव्रता’ (आवाजाचा जोर) हे शब्द मुलं पाठ करतात, पण कानाला लावत नाहीत. म्हणून शब्द आधी सांगायचेच नाहीत. लांब देठ हळू वाजवायचा, लांब देठ जोरात वाजवायचा, मग आखूड देठ हळू. मुंगळोबा प्रत्येक वेळी ‘मोठा!’ म्हणतो आणि तिसऱ्या वेळी स्वतःच गोंधळतो. मग ‘जाड’ आणि ‘चिरका’ हे शब्द मुलांचे म्हणून घ्यायचे, पुस्तकातले शब्द शेवटच्या मिनिटात.

पिपाणी करायची ती अशी. पोकळ, ताजा, करंगळीएवढा जाड देठ. पानाकडचं टोक बंद असतं, ते तसंच ठेवायचं, पान तेवढं कापायचं. बंद टोकाच्या जरा मागे धारदार पात्यानं तीन-चार सें.मी. लांब एकच उभी चीर. ती चीर पूर्ण तोंडात घेऊन फुंकायचं. नुसतं टोक ओठांत धरलं तर फक्त हवा जाते. चिरेच्या कडा थरथरतात, आवाज तिथून. कापल्यावर चीक येतो, ओठांना चुणचुण होते. पाच मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून पुसून घ्यायचा. तासाभरानं देठ मऊ पडतो आणि वाजत नाही, तेव्हा चित्रणाच्या दिवशी सकाळीच तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे, डझनभर.

वाजता वाजता उघडं टोक कात्रीनं कापत जायचं. चोवीस सें.मी.वर सुरू करून बारावर आलं की साधारण वरचा सा लागतो. नेमका लागत नाही, देठ निमुळता असतो आणि चिरेचा स्वतःचा हट्ट असतो. सुरात लावायचा प्रयत्न सोडून दिला. बेसूर पिपाणी जास्त हसवते.

कागदी स्ट्रॉची पिपाणी पर्याय म्हणून करून पाहिली. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, आणि कागदी तोंडात दोन मिनिटांत भिजून मिटते. पपईच.

१५ जुलै

भाग ६: धुराची कडी. २० लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादलीच्या तळाला १० सें.मी. भोक, उघड्या तोंडावर जाड प्लॅस्टिक ताणून सायकलच्या ट्यूबनं आवळलेलं. आत धूर भरून प्लॅस्टिकवर थाप मारली की भोकातून कडी निघते आणि तीन-चार मीटरवरचा कागदी पेल्यांचा मनोरा पाडते.

पहिल्या दिवशी डोळ्यांना कडी स्पष्ट दिसत होती, पडद्यावर काहीच नाही. धुरावर समोरून प्रकाश टाकला की तो हरवतो. दिवा मागून आणि जरा बाजूनं हवा, पाठीमागे काळं कापड, समोरचे दिवे जवळजवळ बंद. सर अंधारात गेले. चालेल, या दृश्यात नायक धूर आहे.

धुरासाठी धूपकांड्या दोन, स्टीलच्या वाटीत. वाटी बादलीत ठेवून भोक पुठ्ठ्यानं झाकायचं, मिनिटभरानं वाटी बाहेर काढायची आणि मगच थाप. पेटती कांडी आत ठेवून थाप मारली तर राख उडते आणि प्लॅस्टिकला भोक पडतं, पडलं. पंखे बंद, खिडक्या बंद, प्रत्येक दहा मिनिटांनी सगळं उघडून खोली मोकळी करायची. थाप हलकी आणि तुटक. जोर लावला की कडी निघण्याआधीच विस्कटते, आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्यांदा जोरच लावतो.

मुंगळोबाचं उत्तर: चौकोनी भोक केलं तर चौकोनी कडी येईल. दुसऱ्या बादलीला ९ सें.मी. बाजूचा चौकोन कापला. कडी चौकोनी राहत नाही. कोपरे मागेपुढे होत कडी जेलीसारखी डुलत जाते. हे संथगतीत इतकं सुंदर आलं की समजावणीची दोन वाक्यं काढून तिथं फक्त चित्र ठेवलं.

१९ जुलै

संकलन. भाग ४ मध्ये डबा चेपताना तयार संग्रहातला ‘धडाम’ टाकला होता. काढला. खरा ‘फट्’ हाच पुरावा आहे, त्यावर दुसरा आवाज चढवला की मुलाला घरी डबा चेपल्यावर वाटेल, आपलं काहीतरी चुकलं. नियम असा: प्रयोगाचा आवाज खरा, विनोदी आवाज फक्त मुंगळोबाच्या हालचालींना. मिशा हलतात तेव्हा डबीतले तांदूळ, वळतो तेव्हा चामडी चपलेची करकर.

सरांच्या डगल्यावरच्या माइकला कापड घासतंय, भाग १ मध्ये दोन ठिकाणी. तेवढे संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित.

२४ जुलै

चौथी-पाचवीच्या मुलांना पहिले तीन भाग दाखवले. बघून झाल्यावर आवडलं का विचारायचं नाही असं ठरलं होतं. “काय झालं ते घरी आईला कसं सांगशील?” एवढंच विचारलं.

भाग २ आणि ३ नीट उतरलेत. लिंबूबाबाची सुरी-बटाटा ही जोडी मुलांनी आपापल्या शब्दांत सांगितली. भाग १ मध्ये मात्र पंचाईत. तीन मेणबत्त्यांवर मुलं पोट धरून हसली, पट्टीचा विनोद सगळ्यांना कळला, आणि तरी कारण विचारल्यावर बहुतेकांनी ऑक्सिजनच सांगितला. कसा सांगितला, तर चालीवर:

“हवा जळली, जागा झाली, पाण्याची स्वारी आत आली!”

ही मुंगळोबाची ओळ. यमक आम्हीच दिलेलं, आणि ती तीनदा येते. बरोबर उत्तर मात्र सरांच्या तोंडी, सपाट गद्यात, एकदाच. लक्षात काय राहणार होतं ते उघड आहे. पुढच्या दोन भागांत हा घोळ झाला नाही याचं श्रेय आपलं नाही; तिथं चुकीच्या उत्तराला यमक जुळलं नव्हतं एवढंच.

२६ जुलै

भाग १ ची दुरुस्ती. मुंगळोबाचं चुकीचं उत्तर आता अडखळत्या गद्यात, प्रत्येक वेळी थोडं वेगळं. यमक उलट्या बाजूला नेलं. तीन मेणबत्त्यांनंतर सर बुडबुड्यांकडे बोट दाखवतात, मुंगळोबा स्वतःच जुळवाजुळव करतो, आणि ग्लासात पाणी चढतानाच्या दृश्यावर दोघं म्हणतात:

“तापली हवा पळाली, उरली हवा निवली,
बाहेरच्या हवेनं मग पाण्याची वरात आत ढकलली!”

यमक ओढूनताणून आहे, पण क्रम बरोबर आहे: आधी पळणं, मग निवणं, मग ढकलणं. बुडबुड्यांचं जवळून दृश्य नव्हतं, ते नव्यानं घेतलं. ग्लास ठेवल्याबरोबर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच बुडबुडे येतात, म्हणून कॅमेरा आधीच काठावर रोखून ठेवायचा; ग्लासाच्या हालचालीमागे कॅमेरा फिरवला की ते निसटतात. लाल पाण्यात बुडबुडे कमी उठून दिसले, या एका दृश्याला रंग निम्मा केला. शेजारच्या दृश्याशी रंग जुळत नाही, संकलनात थोडा गडद करून घेऊ.

दुसऱ्या वर्गाला दाखवायचं सोमवारी ठरलं. यावेळी फक्त भाग १.

२९ जुलै

दाखवून झालं. वरात बरोबर क्रमानं निघते आहे. एका मुलीनं विचारलं, “मग चार मेणबत्त्या लावल्या तर?” करून बघितलं: त्या ग्लासात चार ज्योती दाटीवाटीनं बसतात, एकमेकींचं मेण वितळवतात आणि कडेची मेणबत्ती काच तडकवू शकते. रुंद बरणी घ्यावी लागेल. ती वापरली तर हवाही वाढते, म्हणून त्याच बरणीत एक, दोन आणि चार असं पुन्हा मोजायला हवं. भाग १ च्या शेवटी हाच प्रश्न उत्तराशिवाय ठेवला, सोबत “मोठ्यांना बोलाव, जाड काचेची बरणी घे.”

३१ जुलै

सहाही भाग निर्यात केले, २५ चौकटी, उपशीर्षकं मराठीत. भाग ५ मध्ये उपशीर्षकात ‘पिपाणी’चं ‘पिंपाणी’ झालंय, दुरुस्त करून तो भाग पुन्हा काढला.

सामानाच्या पेटीत: ग्लास नऊ, तीन फुटले. बादल्या दोन, चौकोनी भोकाची वेगळी खूण करून. हळदीचे कागद काळ्या पिशवीत, उजेड लागू द्यायचा नाही. उरलेलं स्पिरिट सीलबंद, पेटीत नाही, वेगळं.

मुंगळोबाचा डावा मधला पाय पुन्हा सुटलाय. जानेवारीच्या आधी शिवून घेणे.